मळवलीचा होकार

गंगाधर आठल्ये यांच्या जमेच्या बाजूला लांबसडक बोटे होती. बाकीचा माणूस खर्चाच्या बाजूला टाकावा लागेल, असे त्यांचे सासरे अप्पा वकील म्हणत, आणि स्वतःच्या मुलीसमोर म्हणत. घाटात विजेची इंजिने येऊन थोडी वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. गंगाधरपंत लोणावळे स्टेशनात पार्सलबाबू होते. दिवसभर दुसऱ्यांच्या करंड्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, कोणाचे आंबे कुठे चालले ते लिहायचे आणि त्यांतला एकही आंबा आपला नाही हे ध्यानात ठेवायचे, अशी ती नोकरी. स्वतःचे म्हणावे असे त्यांच्यापाशी फार नव्हते. मुंबईहून मागवलेले हातचलाखीचे एक इंग्रजी पुस्तक होते, आणि हाताळून हाताळून मऊ पडलेला पत्त्यांचा कॅट.

त्या पुस्तकातली मुख्य विद्या सांगायला सोपी. समोरच्याने एक पत्ता ओढावा, बघावा आणि कॅटाच्या मध्ये कुठेही परत ठेवावा. जादूगाराने त्या पत्त्याच्या वर करंगळीचे टोक हळूच अडकवून ठेवावे. मग गप्पांच्या ओघात वरची थप्पी खाली आणि खालची वर करावी, ती अशी, की बघणाऱ्याला कॅट जागचा हललासुद्धा वाटू नये. ओढलेला पत्ता गुपचूप सगळ्यांच्या वर येऊन बसतो. पुस्तकात या कामाला अर्धे पान दिले होते. गंगाधरपंतांना दोन पावसाळे पुरले नाहीत.

घरी सराव व्हायचा तो पत्नीवर. चंद्रिकाबाई आमटीत पडलेला इस्पिकचा राजा पळीने काढून, धुऊन, दोरीवर वाळत घालून मग समोर बसत. पत्ता ओढत, परत ठेवत. गंगाधरपंत पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून पार्सल ऑफिसातली एखादी हकीकत सांगत आणि वरचा पत्ता उलटवत.

"हाच ना?"

"नाही."

"तू लक्ष देत नाहीस."

"मी पत्ता ओढला, लक्षात ठेवला आणि हा तो नाही. याहून जास्त लक्ष द्यायचं म्हणजे तो मीच शोधून तुमच्या हातात ठेवू का?"

असे पुष्कळ दिवस चालल्यावर गंगाधरपंतांचा निष्कर्ष निघाला, की बायकोची दृष्टी कलुषित आहे. निर्मळ दृष्टीचे प्रेक्षक हवेत. लोणावळ्यात ते मिळणे कठीण. इथला माणूस पत्ता ओढण्याआधी बाह्या वर करायला लावतो आणि ओढल्यावर कॅट आपल्याच खिशात घालून चालू लागतो.

मग भिमाजी भेटला. मळवलीचा भिमाजी काकड्यांच्या टोपल्या मुंबईला पाठवायला स्टेशनवर आला होता आणि पावतीसाठी खिडकीशी उभा होता. गंगाधरपंतांनी पावतीऐवजी पत्त्यांचा पंखा पुढे केला. भिमाजीने एक पत्ता ओढला आणि बंडीच्या खिशात ठेवला. तो खिशातून काढून परत पंख्यात ठेवायला लावण्यात बराच वेळ गेला. त्यानंतर करंगळी, थप्पी, हकीकत सगळे यथासांग झाले आणि वरचा पत्ता उलटला.

"हाच ना?"

भिमाजीने पत्त्याकडे पाहिले, मग पार्सलबाबूंच्या तोंडाकडे पाहिले. ते तोंड पाहून त्याला नाही म्हणवले नसावे.

"व्हय," तो म्हणाला.

लग्न ठरले तेव्हाही गंगाधरपंतांना इतका आनंद झाला नव्हता. पुढच्या रविवारी ते गाडीने मळवलीला हजर झाले, आणि मग दर रविवारी. भिमाजीच्या ओट्यावर घोंगडी अंथरलेली असे. हौशीराम येई, नथू येई, भिमाजीची म्हातारी चुलती झुंबरबाई चुलीपाशी सगळे टाकून येई. तिला अख्खी मळवली मावशी म्हणे. आळीपाळीने पत्ता ओढला जाई, बाकीच्यांना दाखवला जाई, परत ठेवला जाई. वरचा पत्ता उलटला, की पत्ता ओढणारा म्हणे, "व्हय, ह्योच." बाकीचे माना डोलावत. बदामाची राणी ओढली आणि किलवरची छक्की निघाली तरी होकाराच्या आवाजात काही फरक पडत नसे. रविवार संपला की गंगाधरपंतांना काकडी मिळे, दूध मिळे, आणि गाडी सुटेपर्यंत कोणीतरी स्टेशनवर उभे राही. मळवलीच्या खात्यावर कधी एक चूक चढली नाही.

या सुखात अप्पा वकील शिरले. अप्पा तळेगावचे. वडगावच्या कचेरीत त्यांचे वय गेले होते. समोरचा वकील त्यांना खोडून काढी, न्यायाधीश खोडून काढी, आणि घरी गेल्यावर बायको दोघांच्या वरताण करी. त्यामुळे जावयाकडे आले की ते कोणालाही मध्ये बोलू देत नसत. त्यांनी कोनाड्यातला कॅट पाहिला.

"पत्ते म्हणजे जुगार," अप्पा म्हणाले, "आणि जुगार म्हणजे वडगावची कचेरी. मधली स्टेशनं मी मोजत नाही."

"अप्पा, ही कला आहे. माझा प्रयोग कधी चुकत नाही."

"कुठे?"

"मळवलीत."

चंद्रिकाबाईंच्या हातातली मिठाची चिमटी आमटीवर जरा थांबली. मग त्यांनी ती आमटीत सोडली.

अप्पांनी मग तिथल्या तिथे करार केला. गणपतीच्या कार्यक्रमात गंगाधरपंतांनी चारचौघांत हा प्रयोग करावा. साधला, तर अप्पा पत्त्यांबद्दल पुन्हा अवाक्षर काढणार नाहीत. फसला, तर पुस्तक आणि कॅट अप्पांच्या हातांनी बंबात जातील, आणि गंगाधरपंतांनी रोज संध्याकाळच्या गाडीने तळेगावला येऊन खटल्यांच्या नकला उतरवाव्यात. जावयाचे अक्षर चांगले होते. अप्पांना ते बरेच दिवस वाया जाताना दिसत होते.

गंगाधरपंत तात्काळ हो म्हणाले.

रविवारी त्यांनी ही बातमी मोठ्या हौसेने मळवलीत सांगितली. ते गाडीत बसून गेल्यावर भिमाजीच्या ओट्यावर बैठक बसली.

"सांगाया पायजे त्यास्नी," हौशीराम म्हणाला.

"सांग की मग," भिमाजी म्हणाला.

"मी कसा सांगू? माझ्या येळंला ते एवढं हासलं, मला खांद्यावर थोपाटलं."

"मग नथूनं सांगावं."

"मी पाच-धा पत्त्यास्नी व्हय म्हनून बसलोय," नथू म्हणाला. "आता त्यातल्या कुनाला न्हाई म्हनू?"

"त्यांचं पत्ते जाळत्याल रं. मानसाला एवढाच काय तो नाद हाये. ना बिडी, ना तंबाखू," भिमाजी म्हणाला.

झुंबरमावशी दाराशी बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "सांगायचं बिंगायचं काय न्हाई. तितं बी पत्ता कुनीतरी वडायचाच हाये न्हवं? मग आपुनच म्होरं जाऊन बसू. आपुनच वडू. आन हितं म्हनतो तसं व्हय म्हनू."

"नुसतं व्हय म्हनाया लोनावळ्याला जायाचं?" नथूने विचारले.

"तिकीट काडून जायाचं. फुकट गेलास तर दारातच न्हाई म्हनत्याल तुला."

कार्यक्रमाच्या दिवशी मळवली दुपारच्या गाडीनेच लोणावळ्यात उतरली. मांडवात सतरंज्या अंथरायच्या आधी ही मंडळी पुढच्या जागा धरून बसली होती. ओल्या घोंगड्यांचा आणि इरल्यांचा वास आरतीच्या धुपाला मागे सारत होता. बंगलेवाल्या मंडळींना मागे बसावे लागले. मंडळाच्या लोकांनी उठवून पाहिले. मळवली "व्हय, व्हय" म्हणत राहिली आणि जागची हलली नाही.

गंगाधरपंतांनी पडद्याआडून ही गर्दी पाहिली. आपल्या विद्येचा एवढा चाहता वर्ग आहे, हे त्यांना आजच कळत होते. चंद्रिकाबाई बायकांच्या बाजूला बसल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या भिमाजीचे तोंड पाहून त्यांना सगळे समजले, आणि त्या पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागल्या. अप्पा अध्यक्षांच्या शेजारी खुर्चीवर होते. अध्यक्ष गावातले एक वयस्क डॉक्टर होते. कोणाला दुखवायचे नाही, हे त्यांचे सर्वांत चालणारे औषध होते.

"प्रेक्षकांपैकी कोणी एकाने वर यावे," गंगाधरपंत म्हणाले.

पुढच्या सगळ्या रांगा उभ्या राहिल्या. त्यांतून झुंबरमावशी काठी टेकत पुढे आली, तेव्हा बाकीचे बसले. तिने पत्ता ओढला.

"मावशी, मी डोळे मिटतो. पत्ता सगळ्यांना दाखवा."

मावशीने देवीचा टाक दाखवावा तसा तो पत्ता हात उंच करून, वळून वळून, पार मागच्या बंगलेवाल्यांपर्यंत सगळ्यांना दाखवला. चौकट सत्ती होती. नंतर तो कॅटात गेला. गंगाधरपंतांनी डोळे उघडले, करंगळी अडकवली आणि नागपूरला निघालेली कोंबड्यांची करंडी सांगलीला कशी पोचली, ती हकीकत सुरू केली. मांडव हसला. गंगाधरपंतांना बोटांत काहीतरी सरकल्यासारखे वाटले. त्यांनी वरचा पत्ता उलटवून हात लांब केला. किलवरचा गुलाम.

"हाच ना, मावशी?"

"व्हय. ह्योच."

"ह्योच, ह्योच," पुढच्या रांगा म्हणाल्या.

मागे कोणीतरी हसले आणि म्हणाले, "अहो बाई, चौकट सत्ती होती ती."

गंगाधरपंतांनी पुढच्या रांगांकडे पाहिले. हौशीराम मांडवाचा पत्रा निरखत होता. नथू पायाचा काटा काढत होता. भिमाजीने मात्र नजर चुकवली नाही, आणि त्या नजरेतून सगळे रविवार एकामागून एक उलटे फिरले. पत्ते धरलेला हात खाली आला.

अप्पा वकील उठले. "बाई, थांबा जरा. पत्ता तुम्ही ओढला?"

"व्हय."

"त्यावर काय होतं?"

"तांबड्या शंकरपाळ्या."

"आणि ह्यावर आहेत का शंकरपाळ्या?"

"न्हाई. ह्याच्यावर टोपीवाला मानूस हाये."

"मग हा तुमचा नव्हे."

"माझाच हाये."

"कसा काय?"

"एवढ्या पत्त्यांतनं त्यांनी माझ्यापायी हुडकून काडला. आता माझा न्हाई तर कुनाचा? तुमचा?"

"बाई, तुमचा पत्ता कोणता हा प्रश्न आहे."

"मग ते मी सांगनार का तुमी? वडला कुनी?"

मांडवातून टाळ्या पडल्या, आणि त्या फक्त मळवलीच्या नव्हत्या. अप्पांच्या मानेची शीर उठली. "शपथेवर सांगाल?"

"गनपतीच्या म्होरं उबी हाये. आनि कुटं जाऊन सांगू?"

गंगाधरपंतांना हे सहन होईना. एवढ्या म्हातारीला आपल्यापायी देवासमोर उभे केलेले त्यांना पाहवेना. ते पुढे झाले. "मावशी, असू द्या. तुमचा पत्ता हा नव्हता. माझा प्रयोग फसला."

मावशीने काठी आपटली. "तुमी गप बसा, बाबू. तुमाला काय ठावं? तुमी डोळं मिटलं व्हतं."

पत्ता न पाहिलेला एकटा माणूस चूक कबूल करत होता आणि जिने पाहिला ती बाई चूक मान्य करत नव्हती. अप्पांनी अध्यक्षांकडे वळून विचारले, "डॉक्टर, तुम्ही सांगा, काय पाहिलंत?"

डॉक्टरांनी पुढच्या रांगांतले आपले रोगी पाहिले, मागच्या रांगांतले पाहिले आणि म्हणाले, "सत्ती दिसल्यासारखी वाटली खरी. पण माझा चष्मा घरी राहिला आहे." चष्मा त्यांच्या नाकावर होता.

इथून लोणावळे घसरले. डॉक्टरांना खात्री नाही म्हटल्यावर मागच्यांतही कुजबूज सुरू झाली. कोणी म्हणाले, सत्ती नव्हती, अठ्ठी होती. कोणी म्हणाले, पत्ता वर धरला तेव्हा काही क्षण टोपी दिसली होती. बंगल्यातल्या एका बाईंना तर पहिल्यापासून गुलामच दिसला होता, पण त्या भिडेने बोलल्या नव्हत्या. आरतीची घंटा होईपर्यंत ही नजरबंदी आहे असे सर्वसाधारण मत पडले. फक्त ती मावशीवर झाली की गावावर, एवढाच वाद उरला.

पडद्यामागे गंगाधरपंतांनी पुस्तक आणि कॅट अप्पांपुढे धरला. "घ्या. फसला तो फसला."

अप्पांनी कॅट हातात घेतला, पण ते तसेच उभे राहिले. आयुष्यात साक्षीदार फुटताना त्यांनी पुष्कळ पाहिले होते. न फुटणारी ही पहिलीच. त्यांनी पत्ते चाळले. "किलवरचा गुलाम कुठे आहे?"

गुलाम झुंबरमावशीपाशी होता, असे मंडळाच्या एका माणसाने येऊन सांगितले. आपला पत्ता आपण नेला, या हिशेबाने ती तो इरल्याखाली धरून गाडीत बसलीसुद्धा होती.

"मग निकाल कसा देऊ?" अप्पा म्हणाले. "पत्ता ओढणारी म्हणते साधला, करणारा म्हणतो फसला, अध्यक्षांना दिसत नाही. आणि मुद्देमाल गेला मळवलीला. तो हजर झाल्याशिवाय मी काहीही बंबात घालू शकत नाही. तोवर कॅट तुमच्याच ताब्यात राहील. जामिनावर."

चंद्रिकाबाई पलीकडे समया विझवत होत्या. त्या म्हणाल्या, "अप्पा, मला सत्ती दिसली होती. स्पष्ट."

"तू आरोपीची बायको. तुझी साक्ष धरत नाहीत," अप्पा म्हणाले.

पुढच्या रविवारी गंगाधरपंत मळवलीला गेले ते कॅट न घेता. ओट्याच्या कडेवर बसून त्यांनी भिमाजीला विचारले, "एकदासुद्धा बरोबर आला नाही?"

"एकडाव आल्ता की. आखाडात. हौशीरामाचा."

"मग तो काही बोलला नाही?"

"भ्याला त्यो. घरी जाऊन मीठमिरच्या उतरून घेतल्या."

"भिमाजी, मला सांगायचं होतंत."

"आता बगा, बाबू," भिमाजी म्हणाला, "कुनी आमची हरवलेली म्हस हुडकाया दीसभर रान फिरला आन दुसऱ्याचीच घेऊन आला, तर आमी त्याला आदी पानी देतो. ही आमची न्हवं, हे मागनं सांगतो."

"आणि मागनं म्हणजे कधी?"

"येळच घावली न्हाई. तुमी दर ऐतवारी दुसरी म्हस आनत व्हता."

गंगाधरपंत हसले. खूप दिवसांनी त्यांना कोणी खरे काहीतरी सांगितले होते. त्या रात्री जेवणानंतर त्यांनी एकावन्न पत्त्यांचा कॅट चंद्रिकाबाईंपुढे धरला आणि म्हणाले, "तू नाही म्हण. पण कुठे चुकलं तेही सांग." चंद्रिकाबाईंनी सांगितले, की थप्पी फिरवताना तुम्ही श्वास धरता आणि हकीकत तेवढ्यापुरती मध्येच थांबते. दोन वर्षे त्यांना हे दिसत होते. त्यांना कोणी विचारले नव्हते.

इकडे अप्पांनी तपास सुरू केला. ते रविवारी तळेगावहून मळवलीला उतरले, ओट्यावर बसले आणि त्यांनी झुंबरमावशीला विचारले, "बाई, तो पत्ता देता ना?"

"व्हय. देते की. आदी काकडी खावा."

काकडीला विटाळ नाही असा निवाडा अप्पांनी स्वतःच दिला आणि काकडी खाल्ली. खाता खाता त्यांनी वडगावच्या एका न्यायाधीशाविषयी आपले मत सांगितले.

"व्हय," भिमाजी म्हणाला.

अप्पा थबकले. त्यांनी दुसरे मत सांगितले, पहिल्याच्या जरा विरुद्ध जाणारे.

"व्हय व्हय," हौशीराम म्हणाला.

कोणी खोडत नव्हते. कोणी नियम दाखवत नव्हते. स्वराज्य कसे यावे, सुनांनी कसे वागावे, घाटात गाडीला मागून इंजिन का लावतात, सगळ्यावर अप्पा बोलले आणि मळवलीने सगळ्याला मान डोलावली. संध्याकाळी ते उठले तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढल्यासारखे दिसत होते. पत्ता मिळाला नव्हता. त्यांनी पुढच्या रविवारची तारीख दिली.

पुढच्या रविवारी मावशी म्हणाली, "देते की, हुडकून ठिवते." त्याच्या पुढच्या रविवारीही तेच म्हणाली. दिवाळी झाली, भात झोडून झाले, तरी तारखा चालूच होत्या. अप्पांची बायको चंद्रिकाबाईंना कळवत होती, की हल्ली यांचा स्वभाव बराच निवळला आहे. तळेगावात नकला उतरवायला कोणी गेले नाही, आणि बंबात लाकडांशिवाय काही पडले नाही.

एका रविवारी गंगाधरपंत अप्पांबरोबर गेले. किलवरचा गुलाम ओट्याच्या भिंतीवर, अगदी समोर, शेणाने सारवतानाच चिकटवून टाकलेला होता. त्याला हळदकुंकू लागले होते. येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आधी त्याच्यावरच जात होती. गंगाधरपंतांनी तोंड उघडले, आणि भिमाजीने त्यांचा पाय हळूच दाबला.

"काय बाई, सापडला का पत्ता?" अप्पांनी विचारले.

"न्हाई बगा अजून. लय हुडकला."

"नीट शोधा. घाई नाही," अप्पा म्हणाले, आणि भिंतीकडे पाठ येईल अशा बेताने घोंगडीवर सरकून बसले. "हां, तर भिमाजी, मी काय म्हणत होतो..."